सूर्यमालेची प्रतिकृती स्वतः करताना: प्रमाण, कक्षा, दाते आणि हमखास चुकणाऱ्या जागा

ध्रुवमत्स्य

सूर्यमालेची प्रतिकृती म्हटलं की तारेवर ओळीने टोचलेले थर्माकोलचे गोळे डोळ्यांपुढे येतात. त्यातून ग्रहांचा क्रम तेवढा पाठ होतो. बाकी जे मनात बसतं ते काढायला पुढे फार वेळ लागतो: ग्रह एका रांगेत उभे असतात, गुरू पृथ्वीच्या तिप्पट असतो, शनी त्याला खेटून असतो. या धाग्यात मोजून-मापून करायच्या प्रतिकृतींबद्दल लिहू या. ज्यांनी नकाशे, दाते, कक्षा यांवर काम केलं आहे त्यांनी आकड्यांसह भर घालावी.

सुरुवात करण्याआधी एक ठरवा: प्रतिकृतीतून काय दाखवायचं आहे? आकार, अंतर की गती? ही तिन्ही एकत्र बसवायला गेलं की तिन्ही बिघडतात. हिशोब करून बघा. खोलीत मावावी म्हणून पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे १ खगोलीय एकक (पुढे ख.ए.), १० सेंमी धरलं तर नेपच्यून ३ मीटरवर येतो. ठीक. पण त्याच प्रमाणात सूर्य ०.९३ मिमी होतो आणि पृथ्वी ०.००८५ मिमी. म्हणून माझं ठाम मत आहे की तीन वेगळ्या प्रतिकृती कराव्यात आणि प्रत्येकीवर ‘यात काय प्रमाणात आहे, काय नाही’ हे ठळक लिहावं.

आकारांसाठी सर्वांत सोयीचं प्रमाण: १ मिमी = १,००० किमी. आकडेमोड लागतच नाही. विषुववृत्तीय व्यास असे:

बुध ४.९ मिमी, शुक्र १२.१, पृथ्वी १२.८, चंद्र ३.५, मंगळ ६.८, गुरू १४३, शनी १२०.५, युरेनस ५१, नेपच्यून ४९.५. सूर्य १,३९३ मिमी, म्हणजे जवळजवळ १.४ मीटर.

सूर्याचा गोळा करायच्या फंदात पडू नका. कापडाची किंवा कागद जोडून केलेली १.४ मीटरची चकती भिंतीवर लावा. तिच्या कडेशी पृथ्वीचा मणी धरला की जे कळतं ते कोष्टकातून कळत नाही. चंद्राचा मणी पृथ्वीपासून ३८४ मिमीवर ठेवा. बहुतेक जण तो दोन बोटांच्या अंतरावर चिकटवतात.

गोळ्यांविषयी थोडं. नेमक्या मापाचा थर्माकोल गोळा मिळाला नाही तर लहान गोळ्यावर कागदाच्या पट्ट्या पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवून थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर आतला ओलावा नंतर फुगवटे आणतो. माप तपासायला पुठ्ठ्यात १४३ मिमीचं गोल भोक पाडून ठेवा. गोळा त्यातून जेमतेम सरकला पाहिजे. गुरू आणि शनी पूर्ण गोल नाहीत. गुरूचा ध्रुवीय व्यास १३४ आहे, शनीचा १०९. शनीच्या दोन्ही ध्रुवांकडून साडेपाच-सहा मिमी घासून काढा. हा चपटेपणा डोळ्यांना सहज दिसतो.

रंग फक्त पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक. स्प्रे रंगातलं द्रावक थर्माकोल खातं, पृष्ठभागावर खळगे पडतात. स्प्रेच वापरायचा असेल तर आधी कागदाचे दोन थर आणि गोंदाचा एक हात हवा, एकही छिद्र न ठेवता.

---

निळा ठिपका

शनीची कडी कशी करावी? जुन्या सीडीची करतात, पण तिची मापं जुळत नाहीत. आणि रंगांचं काय? प्रत्येक चित्रात नेपच्यून गडद निळा आणि शुक्र नारिंगी दिसतो.

---

सावली

कडी तुमच्या १ मिमी = १,००० किमी प्रमाणातच करा. जाड पारदर्शक शीटवर एकाच केंद्रातून वर्तुळं काढायची. त्रिज्या: आतली कडा ७४.५ मिमी, तिथून ९२ पर्यंत क कडं (अगदी फिकट), ९२ ते ११७.५ ब कडं (सर्वांत उजळ), ११७.५ ते १२२ कॅसिनी फट (काळी), १२२ ते १३७ अ कडं. ग्रहाची त्रिज्या ६० आहे, म्हणजे ग्रह आणि कड्यांच्या मध्ये सुमारे १४ मिमी मोकळी जागा राहते. तिथे चार बारीक टाचण्या गोळ्यात खुपसून त्यांच्या टोकांवर शीट टेकवायची. कड्यांचा आतला भाग गोळ्याला चिकटवला की सगळं चुकलं. शीट ०.१ मिमी जाडीची असली तरी या प्रमाणात ती १०० किमी होते. खऱ्या कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. याहून पातळ काही आपल्या हातून होणार नाही, तेव्हा पाटीवर तसं लिहा.

कॅसिनी फट शाईच्या पेनाने भरू नका, शाई शीटवर पसरते. कायम राहणाऱ्या मार्करने दोन्ही कडांच्या रेघा ओढून मधला भाग भरा. कडी ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत असतात, म्हणून आधी गोळ्यात आसाची तार घाला, कडी तिच्याशी काटकोनात बसवा आणि मग सगळं मिळून २६.७° कलतं करा. उलट क्रमाने केलं तर कडी एकीकडे आणि आस दुसरीकडे कलतो.

रंग: शुक्र दृश्य प्रकाशात फिकट मलई रंगाचा, जवळजवळ पांढरा आहे. नारिंगी चित्रं मॅगेलन यानाच्या रडार नकाशांची आहेत आणि तो रंग नंतर दिलेला आहे. नेपच्यूनचा गडद निळा हा व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये पाठवलेल्या प्रतिमांवर कॉन्ट्रास्ट वाढवून केलेल्या प्रक्रियेतून आला. २०२४ मध्ये त्या प्रतिमांची नव्याने छाननी झाली आणि युरेनस आणि नेपच्यून या दोघांचे रंग पुष्कळ जवळचे निघाले: दोन्ही फिकट हिरवट निळे, नेपच्यून किंचित जास्त निळा. पांढऱ्यात थोडा निळा आणि हिरव्याचा एखादा थेंब एवढंच मिश्रण करा. युरेनसचा आस ९७.८° कलता, म्हणजे आडवाच. शुक्राचा १७७.४°, म्हणून त्याच्यावर बाण उलट दिशेने काढा.

---

वाटसरू

आकारांची प्रतिकृती झाली की अंतरासाठी तेच प्रमाण घेऊन बाहेर पडता येतं. १ मिमी = १,००० किमी धरलं तर पृथ्वी १५० मीटरवर आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर येतो. एवढी मोकळी जागा सहसा नसते, म्हणून दहापट लहान घ्या: १ मिमी = १०,००० किमी, म्हणजे १ : १,००० कोटी. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरची ‘व्हॉयेज’ ही कायमची प्रतिकृती याच प्रमाणात उभी आहे.

सूर्य १३.९ सेंमी. मग सूर्यापासूनची अंतरं: बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०.

आकार: बुध अर्धा मिमी, शुक्र १.२, पृथ्वी १.३, मंगळ ०.७, गुरू १४, शनी १२, युरेनस आणि नेपच्यून ५. शेवटच्या चौघांसाठी बेअरिंगचे पोलादी छर्रे १४, १२ आणि ५ मिमीचे तयार मिळतात. आतल्या चौघांसाठी मणी शोधत बसू नका. पांढऱ्या कार्डावर बारीक पेनाने ठिपका काढून वर पारदर्शक पट्टी चिकटवा. पृथ्वीच्या ठिपक्यापासून ३८ मिमीवर सुईच्या टोकाने चंद्र टोचा.

या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ सेंमी पडतो. सूर्यापासून निघून जमिनीवर सेकंदाला ३ सेंमी सरकत राहा. पृथ्वीच्या कार्डापाशी पोचायला ८ मिनिटं १९ सेकंद लागतात. मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं साधन) लावून एका जणाने हे करावं, बाकीच्यांनी बाजूला चालत राहावं. दोन-तीन मिनिटांनी चुळबुळ सुरू होते, आणि तेव्हाच अंतर म्हणजे काय ते पोचलेलं असतं. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याच प्रमाणात सुमारे ४,००० किमी दूर.

चूक होते ती मोजमापात. पावलं मोजून ४५० मीटर गाठू नका, चालताना पावलाची लांबी बदलत जाते. ३० मीटरचा टेप नसेल तर न ताणणारी दोरी १० मीटरवर गाठी मारून घ्या, आणि प्रत्येक वेळी पुढच्या टोकाला खूण करूनच मागचं टोक सोडा.

---

निळा ठिपका

बंद जागेतच करायचं असेल, समजा ३० मीटरचा व्हरांडा आहे, तर प्रमाण किती घ्यावं?

---

वाटसरू

प्रमाण बदलू नका. ३० मीटरमध्ये सूर्य ते मंगळ आरामात बसतात. गुरूची पाटी शेवटच्या भिंतीवर लावा: ‘इथून आणखी ४८ मीटर’. सगळे ग्रह कोंबायला नेपच्यून ३० मीटरवर आणलात तर पृथ्वी ०.०८ मिमीची होते आणि दाखवण्यासारखं काही उरत नाही.

---

कोनमापक

अंतर झालं, आता गती. यासाठी जमिनीवर काढायची मानवी सूर्यमाला हे माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारं साधन आहे आणि खडूशिवाय जवळजवळ काही लागत नाही. मंगळापर्यंतच काढा. १ ख.ए. = २ मीटर. ७ मीटर लांब-रुंद जागा हवी.

कक्षांच्या त्रिज्या: बुध ७७ सेंमी, शुक्र १४५, पृथ्वी २००, मंगळ ३०५.

प्रत्येक टाळीला १६ दिवस सरतात असं धरायचं. १६ च का? कारण बुधाला प्रदक्षिणेला ८८ दिवस, म्हणजे ५.५ टाळ्या (दोन फेऱ्यांत ११), शुक्राला २२४.७ दिवस, म्हणजे १४, पृथ्वीला २३, मंगळाला ६८७ दिवस, म्हणजे ४३. तेवढे बिंदू प्रत्येक वर्तुळावर काढायचे. बुधाचे ११ बिंदू, आणि चालणाऱ्याने एक सोडून एक घ्यायचा. टाळ्या पूर्णांकात आणताना सर्वांत मोठा फरक पृथ्वीत पडतो: २३ × १६ = ३६८. दर सहा फेऱ्यांनी पृथ्वीने एक पाऊल जास्तीचं टाकलं की हिशोब सुधारतो.

बिंदूंमधलं अंतर मोजून बघा. बुधाला एका टाळीत सुमारे ८८ सेंमी, शुक्राला ६५, पृथ्वीला ५५, मंगळाला ४५. आतला ग्रह नुसता लहान वर्तुळावर आहे म्हणून लवकर परत येत नाही, तो खरोखर वेगाने पळतो: बुध सेकंदाला ४७ किमी, पृथ्वी ३०, मंगळ २४. केप्लरचा तिसरा नियम (ग्रह सूर्यापासून जितका दूर तितका सावकाश) पायांना कळतो तो इथे.

आता खरी गंमत. बहुतेक आराखड्यांत चारही वर्तुळांचं केंद्र सूर्यच असतो. कक्षा लंबवर्तुळाकार आहेत म्हणून मग काही जण दोन खिळे आणि दोरा घेऊन लांबोळकी अंडी काढतात. दोन्ही चुकीचं. बुधाच्या कक्षेची उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती ढळली याचं माप) सर्वांत जास्त, ०.२०६, तरी तिचा लघु अक्ष दीर्घ अक्षाहून फक्त २ टक्के आखूड आहे. डोळ्यांना ती वर्तुळच वाटते. जे लक्षात येण्याइतकं असतं ते हे की सूर्य केंद्रात नसतो. म्हणून वर्तुळच काढा, केंद्र सरकवून. किती सरकवायचं? त्रिज्या गुणिले उत्केंद्रता:

बुध १६ सेंमी, मंगळ २८.५ सेंमी, पृथ्वी ३.३ सेंमी. शुक्राला १ सेंमी, सोडून दिलं तरी चालेल.

कोणत्या दिशेला? अपसूर्य बिंदूच्या, म्हणजे कक्षेतल्या सूर्यापासून सर्वांत दूरच्या बिंदूच्या, दिशेला. भिंतीवर एक खूण ०° ठरवा आणि वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट कोन वाढवत जा. अपसूर्य दिशा: बुध २५७°, पृथ्वी २८३°, मंगळ १५६°.

केंद्र सरकवलं की समान अंतराचे बिंदू चालत नाहीत, कारण ग्रह उपसूर्यापाशी (सूर्याच्या सर्वांत जवळ असताना) वेगाने जातो. यासाठी प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या काळापासूनची युक्ती आहे. सूर्यापासून केंद्र जितकं दूर, तितकंच आणखी पुढे जाऊन एक बिंदू घ्या. ही कक्षेची रिकामी नाभी (लंबवर्तुळाला दोन नाभी असतात, एकीवर सूर्य असतो). मंगळासाठी ती सूर्यापासून ५७ सेंमीवर, बुधासाठी ३२ वर. या बिंदूवर कोनमापक ठेवून समान कोन मोजा (मंगळाला ३६० ÷ ४३ = ८.३७°) आणि रेघ वर्तुळाला जिथे छेदेल तिथे बिंदू. मंगळाच्या बाबतीत याने येणारी चूक अंशाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे खडूच्या रेघेच्या जाडीत जिरते. बुधाला अर्ध्या अंशाच्या थोडी वर.

शालेय कोनमापक इथे निरुपयोगी आहे. ३ मीटरवर १° म्हणजे ५ सेंमी. पुठ्ठ्याचा ५० सेंमी त्रिज्येचा कोनमापक करा. त्याच्या कडेवर १° म्हणजे ८.७ मिमी, निवांत वाचता येतं. आणि वर्तुळ सुतळीने काढू नका. ती ताणली जाते आणि वर्तुळ बंद होताना टोकं जुळत नाहीत. लाकडी पट्टीला एका टोकाशी खिळा, दुसऱ्या टोकाशी खडू बांधा.

---

सावली

दोन वर्तुळांमधली फट मोजली की मंगळ काही वेळा इतका तेजस्वी आणि काही वेळा इतका सामान्य का दिसतो तेही सुटतं. तुमच्या आराखड्यात ३३६° दिशेला पृथ्वी-मंगळ फट सुमारे ७५ सेंमी येते आणि समोर १५६° ला १३६ सेंमी. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ ५.५८ कोटी किमीवर आला होता तो पहिल्या बाजूला. फेब्रुवारी २०२७ ची प्रतियुती (सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत, पृथ्वी मध्ये) दुसऱ्या बाजूची आहे, १०.१ कोटी किमी.

---

निळा ठिपका

सुरुवातीला ग्रह कुठे उभे करायचे? एखाद्या खऱ्या तारखेची स्थिती लावता येईल का?

---

कोनमापक

येईल, कागदावर. १ जानेवारी २००० च्या दुपारचे (जागतिक वेळ १२) मध्यम रेखांश (ग्रह एकसारख्या गतीने फिरतो असं धरून येणारा कोन) आणि रोजची मध्यम गती अशी:

बुध २५२.२५°, रोज ४.०९२३°
शुक्र १८१.९८°, रोज १.६०२१°
पृथ्वी १००.४६°, रोज ०.९८५६°
मंगळ ३५५.४५°, रोज ०.५२४०°

त्या दिवसापासून किती दिवस झाले ते मोजा, गतीने गुणा, मूळ अंश मिळवा, ३६० च्या पटी काढून टाका. आलेला कोन रिकाम्या नाभीवर मांडायचा, सूर्यावर नाही. मध्यम रेखांश आणि वरची युक्ती एकमेकांसाठीच आहेत.

उदाहरण: १९ फेब्रुवारी २०२७. दिवस ९,९११. मंगळ: ९,९११ × ०.५२४० = ५,१९३, अधिक ३५५.४५, वजा १५ फेऱ्या, उत्तर सुमारे १४९°. पृथ्वी: ९,९११ × ०.९८५६ = ९,७६८, अधिक १००.४६, वजा २७ फेऱ्या, उत्तर सुमारे १४९°. दोघे सूर्याच्या एकाच बाजूला एका रेषेत. त्या दिवशी मंगळाची प्रतियुती आहेच.

दुसऱ्या ठिकाणचे अंश घेणार असाल तर ते सायन (वसंतसंपातापासून मोजलेले) आहेत की निरयन (ताऱ्यांतल्या स्थिर बिंदूपासून मोजलेले) ते आधी बघा. दोहोंत सुमारे २४° चा फरक असतो आणि तो मिसळला की सगळी मांडणी फिरते. वरचे सगळे अंश सायन आहेत.

---

दूरदर्शी

वक्री गती (ग्रह ताऱ्यांमध्ये काही काळ उलटा सरकताना दिसणं) दाखवताना नेहमी एक चूक होते ती नोंदवतो. पृथ्वीवर उभ्या असलेल्याने मंगळाकडे दोरा धरायचा आणि तो भिंतीवर जिथे टेकेल तिथे खूण करायची, असं सांगितलं जातं. भिंत ५-६ मीटरवर असताना हे चुकतं. पृथ्वी स्वतः २ मीटर सरकल्यामुळे भिंतीवरची खूण सरकते, आणि मंगळाची खरी हालचाल त्यात मिसळते. तारे अनंत अंतरावर आहेत; भिंत नाही.

उपाय: पृथ्वीवाल्याच्या हातात ०° ते ३६०° ची पुठ्ठ्याची तबकडी द्या. तबकडीचा ०° कायम खोलीच्या त्याच दिशेला राहिला पाहिजे. म्हणजे तो वर्तुळावर चालताना स्वतः वळला तरी तबकडी वळवायची नाही. जमिनीवर ०° दिशेला समांतर रेघा आधीच आखून ठेवल्या तर हे जमतं. मग दर टाळीला दोरा मंगळाकडे धरून तबकडीवरचा अंश वाचायचा आणि फलकावर लिहायचा. प्रतियुतीच्या आधी दहा टाळ्यांपासून नंतर दहापर्यंत वाचा. आकडे वाढत जातात, मंदावतात, चार-पाच टाळ्या उलटे जातात आणि पुन्हा वाढू लागतात. खरा मंगळ साधारण ६० ते ८० दिवस वक्री असतो, तेव्हा हिशोब बरोबर बसतो.

दोन प्रतियुतींमध्ये या प्रतिकृतीत साडेएकोणपन्नास टाळ्या, म्हणजे ७९१ दिवस येतात, खरे ७८०. फरक पृथ्वीचे बिंदू पूर्णांकात, २३, धरल्यामुळे.

---

दातेरी चाक

टेबलावर हँडल फिरवून चालणारी प्रतिकृती करायची असेल तर पुढचं कामाला येईल. इथेही मंगळापाशी थांबा. पृथ्वीचा हात १० सेंमी असेल तर गुरूचा ५२ सेंमी होतो, वजनाने लवतो आणि दात्यांवर सगळा ताण येतो.

रचना साधी आहे. मधोमध एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या, शेजारी एक समांतर दांडा. दांड्याची एक फेरी म्हणजे एक वर्ष. दांड्यावर चार चाकं पक्की, नळ्यांवर चार. सगळ्या जोड्यांचं केंद्रांतर एकच असल्यामुळे दात्यांची बेरीज (मॉड्यूल, म्हणजे चाकाचा व्यास मिमीत भागिले दाते, सारखं असेल तर) एकच यावी लागते. ७२ घेतलं तर:

बुध: दांड्यावर ५८, नळीवर १४
पृथ्वी: ३६ आणि ३६
मंगळ: दांड्यावर २५, नळीवर ४७

बुध वर्षाला तीन-सव्वातीन अंश चुकतो, मंगळ एक दशांश अंशाहून कमी. शुक्र मात्र ७२ मध्ये बसत नाही. जवळचं गुणोत्तर २७ : ४५, म्हणजे अडीच टक्के चूक. शुक्राचं उत्तम गुणोत्तर ८ : १३ आहे, म्हणून नळीवर २४, दांड्यावर ३९. बेरीज ६३. केंद्रांतर जुळवायला या जोडीचं मॉड्यूल ७२ ÷ ६३ = १.१४३ घ्या, बाकीच्यांचं १. तयार चाकांत असं मॉड्यूल मिळत नाही, पण लेझरने कापताना किंवा थ्रीडी प्रिंट करताना काही अडचण नाही. केंद्रांतर ३६ मिमी. प्रत्यक्षात ३६.२ ठेवा, नाहीतर दाते अडकतात.

१४ दात्यांच्या चाकाला २०° दाबकोन (दाते एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) देऊ नका. १७ च्या खाली दात्याचं मूळ कोरलं जातं आणि दाता तिथेच मोडतो. बुधाच्या दोन्ही चाकांना २५° द्या, दोन्हींना सारखाच.

नळ्या: मध्यभागी २ मिमीची भरीव कांब, ती न फिरणारी, तिच्यावर सूर्य. त्यावर बाहेरून ३, ४, ५ आणि ६ मिमीच्या नळ्या, भिंत ०.४५ मिमीची. तेव्हा प्रत्येक आतल्या नळीभोवती एक दशांश मिमी मोकळीक राहते. बुधाची नळी सर्वांत आत आणि सर्वांत लांब, तिचं चाक सर्वांत खाली आणि हात सर्वांत वर. मंगळाचं उलट. या क्रमाने बाहेरच्या ग्रहांचे उभे खांब आतल्या हातांना धडकत नाहीत.

नळी कापायला चाकाचा कटर वापरू नका. तो कडा आत दाबतो आणि आतली नळी फिरेनाशी होते. बारीक दात्यांच्या करवतीने कापा, आतून सुई-कानशीने घासा. डाग देताना नळ्या एकात एक ठेवू नका. वितळलेलं शिशाचं मिश्रण फटीत ओढलं जातं आणि दोन्ही नळ्या कायमच्या जोडल्या जातात. प्रिंट केलेल्या चाकांचा पहिला थर पसरट येतो. तो चाकूने कापून काढल्याशिवाय जोडणी करू नका, नाहीतर चाकं वरच्या बाजूला सैल आणि खालच्या बाजूला घट्ट बसतात आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

दात्यांची गणितं जड वाटत असतील तर आइझे आइझिंगाची आठवण ठेवा. नेदरलँड्समधल्या फ्रानेकरला त्याने १७७४ ते १७८१ या काळात घराच्या छतालाच सूर्यमाला बसवली, १ मिमी = १० लाख किमी प्रमाणात. लाकडी चाकं आणि दाते म्हणून ठोकलेले खिळे. ती आजही चालते. शनी हा तिचा शेवटचा ग्रह, कारण युरेनस १७८१ मध्येच सापडला.

---

सावली

या यंत्रात पृथ्वीचा आस २३.४° कलता लावला की ऋतू दिसतील असं वाटतं, पण दिसत नाहीत. आस हाताला पक्का असतो, हाताबरोबर फिरतो आणि उत्तर ध्रुव वर्षभर सूर्याकडेच राहतो. कायमचा उन्हाळा.

---

दातेरी चाक

बरोबर, आणि हे बऱ्याच तयार खेळण्यांतही असंच असतं. उपाय तीन चाकांचा. सूर्याच्या न फिरणाऱ्या कांबेवर एक चाक पक्कं करा, समजा २० दात्यांचं. पृथ्वीच्या हाताच्या टोकाशी तितक्याच दात्यांचं दुसरं, ज्याच्यावर कलता आस बसवलेला आहे. दोघांच्या मध्ये हातावर मोकळं फिरणारं तिसरं, कितीही दात्यांचं. हात फिरला तरी टोकाचं चाक खोलीच्या संदर्भात वळत नाही. मधलं चाक एकच हवं. दोन घातली तर आस हाताच्याच दिशेने दुप्पट फिरतो.

आस कुठे कलवायचा? कोनमापक यांच्या अंशांत उत्तर टोक ९०° दिशेला झुकलेलं हवं. मग जूनच्या अयनाला पृथ्वी २७०° वर असताना उत्तर ध्रुव सूर्याकडे येतो.

---

निळा ठिपका

प्लुटो आणि लघुग्रहांचा पट्टा दाखवायचा का?

---

वाटसरू

प्लुटो २४ ऑगस्ट २००६ पासून बटुग्रह आहे. लांबच्या प्रतिकृतीत जागा असेल तर जरूर दाखवा: १ मिमी = १०,००० किमी प्रमाणात पाव मिमीचा ठिपका, सरासरी ५९० मीटरवर. पट्टा २.१ ते ३.३ ख.ए. म्हणजे त्याच मोजपट्टीवर ३१ ते ४९ मीटर. तिथे खडी पसरू नका. सगळ्या लघुग्रहांचं मिळून वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्के आहे आणि सर्वांत मोठा सेरेस या प्रमाणात एक दशांश मिमीहूनही लहान. जमिनीवर दोन रेघा आणि मध्ये मोकळी जागा हेच अचूक चित्र.

---

दूरदर्शी

यंत्र एखाद्या तारखेला लावता यावं म्हणून ग्रहांचे हात नळ्यांना डाग देऊन पक्के करू नका. हाताच्या कड्याला एका बाजूने करवतीची चीर द्या, म्हणजे तो नळीवर घट्ट पण हाताने वळण्याजोगा बसतो. तळाच्या पाटीवर ०° ते ३६०° छापा, कोनमापक यांनी दिलेल्या पद्धतीने चारही अंश काढा, हात त्या जागी वळवा आणि मगच हँडल फिरवा. या यंत्रात कक्षांचं केंद्र सूर्यच आहे, तेव्हा बुध खऱ्या जागेपासून २३-२४ अंशांपर्यंत आणि मंगळ १०-११ अंशांपर्यंत इकडेतिकडे दिसेल. दाते मोजत बसण्याआधी हे तपासा.